प्रोस्टेटची सुई : ऑपरेशनशिवाय खरेच बरे होते का?



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असते. तासाभरात एखादे आजोबा तीनदा उठून बाहेर जातात. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येत नाही, तिसऱ्यांदा मागची पोरे हसतात. पुढच्या रविवारी आजोबा वाचनाला येतच नाहीत. घरी विचारले तर म्हणतात, "गुडघे दुखतात."

गुडघे दुखत नसतात. लघवीला वारंवार जावे लागते, ते कोणाला सांगायची लाज वाटते. रात्री तर हाल असतात. वस्तीतले सार्वजनिक शौचालय चार गल्ल्या पलीकडे, वाटेत दिवा नाही, पावसाळ्यात चिखल. रात्रीतून चारदा तिथे कोण जाणार? मग आजोबा उपाय काढतात : संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे नाही. काही जण दिवसाही पीत नाहीत. ज्या रायगड जिल्ह्यात १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच जिल्ह्यात आपली म्हातारी माणसे समोर भरलेला हंडा असून तहानलेली झोपतात.

अशा घरात एखाद्या दिवशी मुलाच्या मोबाईलवर जाहिरात येते : "ऑपरेशन नाही, टाके नाही, एका इंजेक्शनमध्ये प्रोस्टेटपासून सुटका." आजोबांचे डोळे चमकतात. ऑपरेशनची भीती सगळ्यांनाच असते, आणि सुईवर आपल्या वस्तीत भरवसा मोठा. गोळ्या दिल्या तर डॉक्टर साधा, सुई दिली तर डॉक्टर हुशार, असे मानणारी घरे आजही आहेत.

म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर हाच प्रश्न घेतला आहे. प्रोस्टेटची सुई खरी की खोटी? उत्तर एका शब्दात देता येत नाही. "इंजेक्शन" या एका नावाखाली चार-पाच निरनिराळे उपचार चालतात. त्यातले काही शास्त्राच्या कसोटीवर उतरले, काही नापास झाले. कोणते कोणते, ते समजून घेऊ.

प्रोस्टेट म्हणजे काय?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असलेली ग्रंथी. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी ती असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन साधारण २० ग्रॅम. लघवीची नळी या ग्रंथीच्या मधोमध जाते. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम.

चाळिशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते. केस पिकतात तसाच हा वयाचा परिणाम आहे. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांमध्ये. ज्याची ग्रंथी वाढली त्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. पण वाढ आतल्या बाजूने झाली की मधली नळी दाबली जाते. पाण्याच्या पाइपवर कोणी पाय ठेवावा, तसे होते.

दोन गोष्टी इथेच स्पष्ट करू. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा कॅन्सर होत नाही. मात्र प्रोस्टेटचा कॅन्सर हा वेगळा आजार याच वयात होऊ शकतो, म्हणून तपासणी लागते. दुसरी गोष्ट : हा आजार वाईट चालीमुळे किंवा "गरमी"मुळे होत नाही. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

घरच्या घरी सात प्रश्न

जगभरचे डॉक्टर या त्रासाचे माप काढायला सात प्रश्न विचारतात. मागच्या एक महिन्यात पुढील गोष्टी किती वेळा झाल्या, ते आठवायचे :

१. लघवी करून आल्यावरही पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही असे वाटले का?
२. दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले का?
३. धार मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली का?
४. लघवी रोखून धरणे अवघड गेले का?
५. धार बारीक किंवा कमजोर होती का?
६. सुरू होण्यासाठी जोर करावा लागला का?
७. रात्री झोपल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा उठावे लागले?

पहिल्या सहा प्रश्नांना "कधीच नाही" असेल तर ० आणि "जवळजवळ प्रत्येक वेळी" असेल तर ५, असे मधले गुण द्यावेत. सातव्याला जितक्या वेळा उठला तितके गुण, जास्तीत जास्त ५. एकूण गुण ३५. बेरीज ७ पर्यंत आली तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. आजोबांना लिहिता-वाचता येत नसेल तर नातवाने विचारून कागदावर मांडावे आणि तो कागद डॉक्टरांकडे न्यावा. शरीराचे दुखणे तोंडाने सांगणे जड जाते, कागद मात्र लाजत नाही.

हा कागद म्हणजे निदान नव्हे. वारंवार लघवी मधुमेहामुळेही होते, जंतुसंसर्गामुळे होते, मुतखड्यामुळे होते, नळी आकसल्यामुळे होते. म्हणून पुढची पायरी तपासणीची.

सुईच्या आधी तपासणी

कोणी तपासणी न करता थेट इंजेक्शनची तारीख देत असेल तर तिथून उठावे. निदान एवढे तरी व्हायला हवे :

लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर.

क्रिएटिनिन ही रक्ततपासणी. लघवी तुंबून राहिली तर दाब मागे किडनीवर येतो. किडनी दुखत नाही, गुपचूप खराब होते. ते या तपासणीत कळते.

पोटाची सोनोग्राफी. प्रोस्टेट किती वाढली हे त्यात दिसते. पण त्याहून महत्त्वाचे, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली हे मोजायला सांगावे.

पीएसए ही रक्ततपासणी. ही वाढली म्हणजे कॅन्सरच असे नाही. साधी वाढ आणि जंतुसंसर्ग यांनीही ती वाढते. पण वाढलेली असेल तर पुढे तपासावे लागते.

बोटाने तपासणी. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट चाचपतात. अर्ध्या-एक मिनिटाचे काम. आपली बरीच माणसे याच एका गोष्टीला घाबरून दवाखान्यातून परत येतात. पण ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी कडक, हे बोटालाच कळते. कडक गाठ लागली तर कॅन्सर लवकर सापडू शकतो.

धारेचा वेग मोजायचे एक साधे यंत्र असते. त्यात लघवी करायची, बाकी काही नाही. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शंका.

पहिला उपाय गोळ्यांचा

बहुतेकांना सुरुवातीला ऑपरेशनही लागत नाही आणि सुईही लागत नाही. त्रास सौम्य असेल तर नुसत्या सवयी बदलून भागते. दिवसा पाणी पुरेसे प्यावे, फक्त झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी करावे. रात्रीचा चहा आणि दारू बंद.

त्रास मध्यम असेल तर गोळ्या. टॅम्सुलोसिनसारखी गोळी नळीभोवतीचे स्नायू सैल करते, काही दिवसांतच धार सुधारते. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री घ्यावी आणि अंथरुणातून हळू उठावे. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घालणार असाल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली आहे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली सैल पडते, आणि माहीत असले की डॉक्टर तयारीने काम करतात.

ग्रंथी मोठी असेल तर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड देतात. ती ग्रंथी आकसवते, पण गुण यायला सहा महिने लागतात. महिनाभरात "काही फरक नाही" म्हणून सोडू नये. या गोळीने पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचे सांगावे. घरातल्या गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

या औषधांची जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळते. चिठ्ठी घेऊन तिथे आधी विचारावे.

सुईची जुनी गोष्ट

गोळ्यांनी भागले नाही की ऑपरेशनचा विषय निघतो, आणि तिथेच सुईची आशा उभी राहते. ही आशा आजची नाही, आणि तिच्यात आपल्या देशाचाही वाटा आहे.

१९६६ साली तलवार आणि पांडे या भारतीय सर्जनांनी ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात एक लेख लिहिला. वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये त्यांनी सुईने औषध सोडले होते. औषध काय, तर कार्बोलिक आम्ल, व्हिनेगरमध्ये असते ते ॲसेटिक आम्ल, आणि ग्लिसरीन यांचे पातळ मिश्रण. सुई अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून घालत. ज्या म्हाताऱ्या माणसांना मोठे ऑपरेशन झेपणार नाही, त्यांच्यासाठी काही सोपे असावे, हा विचार त्यामागे होता. इंग्लंडमधल्या सर्जनांनीही पुढे ही पद्धत करून पाहिली. पण आत सोडलेले रसायन नेमके कुठवर पसरेल, यावर ताबा ठेवणे अवघड. ही पद्धत मागे पडली.

पुढे शुद्ध अल्कोहोल सोडून पाहिले. अल्कोहोलने ग्रंथीचा भाग मरतो, हे खरे. पण ते बाहेर झिरपले तर शेजारच्या मूत्राशयालाही इजा करते. तो उपचार नेहमीच्या वापरात आलाच नाही.

मग आले बोटॉक्स. सुरकुत्या घालवायला वापरतात तेच औषध. सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांत रोग्यांना बरे वाटले आणि मोठा गाजावाजा झाला. २०१३ साली सुमारे ३८० पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. काहींना बोटॉक्स दिले होते, काहींना औषध नसलेली नुसती सुई. कोणाला काय दिले हे रोग्यालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. निकाल असा की बरे दोघांनाही वाटले, जवळपास सारखेच. म्हणजे गुण औषधाचा नव्हता.

एनएक्स-१२०७ नावाच्या आणखी एका इंजेक्शनचेही असेच झाले. अमेरिकेतल्या शेवटच्या टप्प्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत ते २०१४ साली नापास ठरले.

यातून शिकायचे ते असे. प्रोस्टेटचा त्रास आपोआप कमी-जास्त होत असतो. शिवाय मोठ्या डॉक्टरने मोठी सुई दिली की मनाला उभारी येते, आणि काही महिने बरे वाटते. शेजारचा माणूस "मला सुईने फरक पडला" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याच्या अनुभवावरून औषध खरे ठरत नाही. भगवान बुद्धांनी आपल्याला ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे शिकवले. औषधाची पारख अशीच होते : निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना नुसती सुई, आणि मग मोजणी.

वाफेची सुई

आता कसोटीवर उतरलेल्या उपचाराकडे येऊ. जाहिरातीत "इंजेक्शन" म्हणतात ते बऱ्याचदा हेच असते. याचे नाव रेझूम.

यात औषध नसते, पाण्याची वाफ असते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढताना हाताला वाफ लागते, तो चटका गरम पाण्यापेक्षा जास्त का बसतो? वाफ गार होऊन तिचे पाणी होताना तिच्यात साठलेली सगळी उष्णता एकदम बाहेर पडते म्हणून. रेझूममध्ये हेच तत्त्व वापरले आहे. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालतात. तिच्या टोकातून बारीक सुई प्रोस्टेटमध्ये शिरते आणि ९ सेकंद वाफ सोडते. ग्रंथीच्या आकाराप्रमाणे असे काही वेळा करतात. वाफ लागलेला भाग मरतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तो हळूहळू शोषून घेते. नळीवरचा दाब कमी होतो.

प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे. पूर्ण भूल लागतेच असे नाही, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. टाके नसतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ साली याला मान्यता दिली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०२० साली याची शिफारस झाली. अमेरिकेतल्या मुख्य चाचणीत वाफ दिलेल्या रोग्यांपैकी पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्यांचे प्रमाण शंभरात चार-पाच होते. यात शरीरसंबंधावर परिणाम सहसा होत नाही, आणि साठीच्या आतल्या माणसाला ही गोष्ट महत्त्वाची असू शकते.

पण जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टीही ऐका.

"सुई मारली आणि बरा झाला" असे होत नाही. उलट सुरुवातीला सूज येऊन धार आणखी अडते. म्हणून काही दिवस, साधारण तीन ते सात, लघवीच्या नळीतून कॅथेटर ठेवावा लागतो. जळजळ होते, थोडे रक्त पडते. फरक दिसायला दोन-चार आठवडे, आणि पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात.

चाचण्या मुख्यतः ३० ते ८० मिलिलिटर आकाराच्या ग्रंथींवर झाल्या. फार मोठ्या ग्रंथीला हा उपचार चालेल असे गृहीत धरता येत नाही.

खर्च मोठा. वाफ सोडणारे साधन एकाच रोग्यासाठी वापरायचे असते आणि ते महाग आहे. मुंबईसारख्या शहरात काही खाजगी रुग्णालयांत हा उपचार मिळतो.

रक्तवाहिनीतून जाणारी सुई

दुसरा उपचार वेगळ्याच वाटेने जातो. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीत सुईने बारीक नळी घालतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती प्रोस्टेटला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीपर्यंत नेतात, आणि तिथे वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म मणी सोडतात. रक्त अडले की ग्रंथी सुकू लागते. शेताचा पाट बंद केला की पीक सुकते, तसे. याला एम्बोलायझेशन म्हणतात.

हे काम रेडिओलॉजीतल्या खास प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे. त्या जागी बधिर करून भागते, म्हणून हृदयाच्या आजारामुळे भूल न झेपणाऱ्या रोग्याला किंवा मोठ्या ग्रंथीच्या रोग्याला याचा विचार करतात. गुण हळूहळू येतो आणि नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा धार थोडी कमी सुधारते. मणी चुकीच्या वाहिनीत गेले तर शेजारच्या अवयवाला इजा होते, म्हणून अनुभवी हात हवा.

ज्या ऑपरेशनला आपण घाबरतो ते

आता त्या ऑपरेशनचे नाव घेऊ, ज्याच्या भीतीने आपण सुई शोधत फिरतो. टीयूआरपी. लोकांना वाटते पोट फाडतात. तसे नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. बाहेर एकही टाका नसतो. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात, तास-दीड तासाचे काम, आणि साधारण दोन-तीन दिवसांत घरी. धार सुधारण्याच्या बाबतीत आजही नव्या उपचारांचे माप याच ऑपरेशनशी लावतात. फार मोठ्या ग्रंथीसाठी लेसरने काढण्याची पद्धतही आहे.

तोटा काय? काहींना रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. आणि बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि लघवीतून निघून जाते. त्याने अपाय होत नाही. ताठरता सहसा कायम राहते. पण हे आधी सांगितले नाही तर माणूस मनातून खचतो, नवरा-बायकोत गैरसमज होतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे.

यावरून एक हिशेब लक्षात येईल. टाके वाफेच्या सुईत नाहीत, टीयूआरपीतही नाहीत. कॅथेटर दोन्हीत लागतो. फरक आहे तो भुलेत, रुग्णालयात राहण्यात, वीर्याच्या प्रश्नात, आणि पैशात. सुई हवी म्हणून बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी हा हिशेब घरात बसून करा.

पैसा आणि वाट

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. पुढे मूत्ररोगतज्ज्ञ लागला तर चिठ्ठी घ्या. कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मुंबईत जे. जे., केईएम, शीव आणि नायर या मोठ्या रुग्णालयांत मूत्ररोग विभाग आहेत. जे. जे. ला जायचे तर पनवेलहून हार्बरच्या गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरावे. शीवला आणि परळच्या केईएमला जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलावी.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत टीयूआरपीचे ऑपरेशन येते. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. चौकशीचा क्रमांक १५५३८८. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, ते काढून ठेवा. वाफेचा किंवा मण्यांचा उपचार हवा असेल तर तो योजनेत बसतो का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून नक्की करून घ्या. तोंडी "होईल हो" यावर जाऊ नका.

लघवी पूर्ण अडली तर

ही वेळ कोणावरही येऊ शकते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, एक जानेवारीला भीमा-कोरेगावला, दसऱ्याला दीक्षाभूमीला आपण बसने जातो. आजोबा गाडी थांबवा म्हणायला लाजतात, तासन् तास रोखून धरतात. थंडी असते. सर्दीची गोळी घेतलेली असते. मग उतरल्यावर लघवी होतच नाही. ओटीपोट फुगते, वेदना असह्य होतात.

अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. "होईल" म्हणून आणखी पाणी पाजू नका, पिशवी आणखी ताणली जाईल. पोट दाबू नका. कॅथेटर घालणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. वेदना न होता सतत थेंब थेंब लघवी गळत असेल, तेही तुंबल्याचे लक्षण असू शकते. लघवीत रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, तरी थांबू नका.

सर्दी-खोकल्याची बरीच औषधे आणि दारू यांनी लघवी अडू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने दुकानातून सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि बस ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांनो, दर दोन तासांनी गाडी थांबवायचे आधीच जाहीर करा. मागणाऱ्याला लाज वाटते, ठरलेल्या थांब्याची कोणालाच वाटत नाही.

सुई देणाऱ्याला विचारायचे सहा प्रश्न

१. सुईत नेमके काय आहे? वाफ, मणी, की औषध? त्याचे नाव कागदावर लिहून द्या.
२. माझी ग्रंथी किती मोठी आहे आणि या आकाराला हा उपचार चालतो का?
३. माझे पीएसए आणि क्रिएटिनिन पाहिले का?
४. कॅथेटर किती दिवस, आणि गुण कधी येणार?
५. गुण आला नाही तर पुढे काय?
६. कॅथेटर आणि औषधांसह एकूण खर्च किती? योजनेत बसतो का?

खरा डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो पहिल्याच प्रश्नाला "ते आमचे सिक्रेट आहे" म्हणतो, त्याच्याकडे पाठ फिरवा. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती, लॉजवर एक दिवस येणारे वैद्य आणि नाव नसलेली पुडी यांना तर हे प्रश्नही विचारत बसू नका.

सांगणे हाच पहिला उपचार

विनयपिटकात आजारी भिक्खूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि जवळ कोणी येत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला आंघोळ घातली. तिथेच त्यांनी शुश्रूषा करायला सोपा रोगी कोणता, हेही सांगितले. त्याच्या गुणांपैकी एक असा की तो आपला आजार जसा आहे तसा सांगतो, लपवत नाही. शरीराच्या घाणीची लाज त्या कथेत कोणालाच नाही, ना रोग्याला धुणाऱ्याला, ना सांगणाऱ्याला.

आपल्या घरातही हेच करू. सुनेने सासऱ्यांना विचारायला संकोच वाटत असेल तर मुलाने विचारावे, नातवाने सात प्रश्नांचा कागद भरावा. आजींना रात्रीच्या फेऱ्या माहीत असतात, त्यांनी गप्प बसू नये. पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाने वर्षातून एकदा लघवी, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात वयस्क पुरुषांसाठी पडदा लावलेला एक कोपरा आणि एक समजूतदार डॉक्टर ठेवावा. शौचालयाच्या वाटेवरचा दिवा लागत नसेल तर मंडळाने महानगरपालिकेकडे अर्ज द्यावा. तो दिवासुद्धा म्हाताऱ्यांच्या उपचाराचाच भाग आहे.

आणि विहारात तासाभरात कोणी तीनदा उठले तर हसू नका. दाराजवळची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी ते पुन्हा वाचनाला येतील.

जय भीम, नमो बुद्धाय.